पिन बसली, पण चार्जर जुळला का?

चार्जिंगवर चालणाऱ्या घरगुती वस्तूंमध्ये सर्वांत आधी दगा देते ती बहुधा वायर. दाढीचा ट्रिमर, टॉर्च, डास मारायची रॅकेट, अभ्यासाच्या टेबलावरचा दिवा, गळ्यात अडकवायचा पंखा, यांतली मोटर किंवा एलईडी बरीच वर्षे काढते. वायर मात्र रोज वाकते, कपाटाच्या दारात चेमटते, पिनेच्या गळ्याशी तुटते आणि प्रवासाला नेली असेल तर लॉजच्या प्लगमध्येच राहून जाते. मग नवी शोधायची वेळ येते. दुकानदार उपकरणाच्या भोकात डोकावतो, खोक्यातून चार-पाच वायरी काढून एकेक लावून बघतो आणि जी बसेल ती हातात ठेवतो. बऱ्याचदा काम भागतेही. पण पिन बसणे आणि त्या पिनेतून येणारी वीज उपकरणाला मानवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरीचा अंदाज काही जातींच्या पिनांमध्येच बांधता येतो. कोणत्या जातीत बांधता येतो आणि कोणत्या जातीत नाही, एवढे कळले की निम्मे काम संपले.

दुकानात जाण्याआधी दोष वायरीचाच आहे ना, हे पाहून घ्यावे. वस्तू चार्ज होत नसेल तर बिघाड चार ठिकाणी असू शकतो: भिंतीत लावायचा अडॅप्टर, वायर, वस्तूवरचे सॉकेट किंवा बॅटरी. अडॅप्टर आणि वायर सुटे असतील तर त्याच जोडीवर दुसरी एखादी वस्तू चार्ज करून पाहणे ही सर्वांत सोपी परीक्षा. वायर पिनेजवळ हलकेच वाकवल्यावर चार्जिंगचा दिवा लागून विझत असेल तर आतली तार तुटली आहे, असे खुशाल समजावे. वायर स्थिर ठेवून नुसती पिन हलवल्यावर दिवा लागत-विझत असेल तर सॉकेटचा टाका निखळला असण्याची शक्यता अधिक, आणि तिथे नव्या वायरीने काही साधत नाही. ट्रिमरच्या सॉकेटात बारीक केस आणि तेल साचून घट्ट थर बसतो, खिशात फिरणाऱ्या टॉर्चच्या सॉकेटात कपड्याचा लोळा. वस्तू बंद ठेवून लाकडी टूथपिकने तो अलगद काढावा, सुई किंवा टाचणी घालू नये. आणखी एक फसगत नेहमीची आहे. लिथियमची बॅटरी महिनोन्महिने पडून पार उतरली असेल तर तिचे चार्जिंग सर्किट सुरुवातीला अगदी थोडा प्रवाह सोडते आणि काही उपकरणांत तेवढा वेळ दिवाही लागत नाही. अर्धा तास लावून ठेवल्याशिवाय निकाल देऊ नये.

दोष वायरीचाच ठरला की पुढचे काम चष्मा लावून करायचे. वस्तूच्या तळाशी, हँडलवर किंवा पाते काढल्यावर आत दिसणाऱ्या जागेत बारीक अक्षरांत ‘इनपुट’ म्हणून काही आकडे कोरलेले असतात. जुना अडॅप्टर हाताशी असेल तर त्याच्यावर ‘इनपुट’ आणि ‘आउटपुट’ अशा दोन ओळी असतात. त्यांतली पहिली भिंतीतल्या विजेची, साधारण १०० ते २४० व्होल्टची; आपल्या कामाची दुसरी. तिच्यात व्होल्टचा आकडा, त्यापुढे एक छोटी खूण आणि मग अँपिअर किंवा मिलिअँपिअरचा आकडा असतो. १००० मिलिअँपिअर म्हणजे १ अँपिअर. खूण सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ अशी असेल तर बाहेर पडणारी वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. पाण्याच्या लाटेसारखी नागमोडी असेल तर एसी. छोट्या वस्तूंचे बहुतेक अडॅप्टर डीसी देतात, पण काही जुने अडॅप्टर नुसते व्होल्टेज उतरवून एसीच बाहेर सोडतात. त्यांच्या जागी डीसीचा लावला, किंवा डीसीच्या जागी हा लावला, की व्होल्टचा आकडा जुळूनही घोटाळा होतो.

व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. अँपिअरचा मात्र नव्या अडॅप्टरवर जुन्याइतका किंवा त्याहून मोठा असला तरी चालतो. अनेकांना हे उलटे वाटते. ३०० मिलिअँपिअरच्या ट्रिमरला २ अँपिअरचा चार्जर लावला तर ट्रिमर जळेल, ही भीती दुकानातही बोलून दाखवली जाते. व्होल्टेज हा वीज पुढे ढकलणारा दाब आहे, तो अडॅप्टर ठरवतो. त्या दाबाखाली किती प्रवाह ओढायचा हे वस्तू ठरवते. अडॅप्टरवरचा अँपिअरचा आकडा म्हणजे त्याची जास्तीत जास्त ऐपत. ऐपत जास्त असल्याने बिघडत नाही, कमी असल्याने बिघडते: अडॅप्टर तापतो, त्याचे व्होल्टेज खाली येते, चार्जिंग रेंगाळते. व्होल्ट जास्त झाले तर मात्र वस्तूला पर्याय उरत नाही.

या नियमाला एक पुरवणी जोडावी लागते. जुने, हाताला जड लागणारे अडॅप्टर आत तांब्याच्या वेटोळ्यांचा ट्रान्सफॉर्मर घेऊन असतात. त्यांतले पुष्कळसे व्होल्टेज स्थिर राखत नाहीत. वर ४.५ व्होल्ट छापलेले असते आणि काही न जोडता मल्टिमीटर लावला तर ६-७ व्होल्ट दिसतात. छापलेला आकडा पूर्ण भार पडल्यावरचा. अशा अडॅप्टरवर चालणाऱ्या ट्रिमरमध्ये निकेलच्या एक-दोन सेल आणि एखादा रेझिस्टर एवढाच कारभार असू शकतो. सेल किती भरली हे पाहणारे आत कुणी नसते. प्रवाह मर्यादेत ठेवण्याचे काम अडॅप्टरचा कमकुवतपणाच करतो. ‘आठ तास चार्ज करा आणि काढा’ असे पुस्तिकेत छापलेले असते ते याचसाठी. इथे तगडा आधुनिक चार्जर लावण्यापेक्षा जुन्यासारखाच कमी प्रवाहाचा अडॅप्टर शोधणे बरे.

छापलेल्या आकड्यावरून बॅटरीची जातही ओळखता येते. निकेलची एक सेल १.२ व्होल्टची, शिसे-आम्लाची २ व्होल्टची आणि लिथियमची सरासरी ३.७ व्होल्टची असते. लिथियमची सेल पूर्ण भरली की ४.२ व्होल्टवर जाते. त्यामुळे अडॅप्टरवर ४.२, ८.४ किंवा १२.६ असा विचित्र दिसणारा आकडा असेल तर बहुधा तो नुसता अडॅप्टर नसून एक, दोन किंवा तीन लिथियम सेलचा चार्जर असतो. बॅटरी भरत आली की प्रवाह आवरता घेणारे सर्किट त्याच्याच पोटात असते. ४.२ आणि ५ यांत फरक तो केवढा, असे म्हणून त्याच्या जागी मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर जोडला, तर लिथियमच्या सेलवर लगाम राहत नाही. आत संरक्षक सर्किट असेल तर ते वाचवते, नसेल तर सेल फुगते आणि पेटूही शकते. या एका बाबतीत तडजोड करू नये.

आता पिनांकडे. सर्वांत फसवी जात गोल पिनेची. बाजारात तिला डीसी पिन किंवा जॅक म्हणतात. बाहेर धातूची नळी, आत भोक, असे तिचे रूप. आकार दोन मापांनी सांगतात: बाहेरचा व्यास आणि आतला व्यास. राउटर, सेट-टॉप बॉक्स यांना बहुधा ५.५ आणि २.१ मिलिमीटरची पिन असते. तिच्यासारखीच दिसणारी ५.५ आणि २.५ची वेगळी. छोट्या वस्तूंना ३.५ आणि १.३५, किंवा २.५ आणि ०.७ ही मापे सापडतात. जुन्या नोकिया फोनची दोन मिलिमीटरची बारीक पिनही बाजारात अजून मिळते, आणि ‘नोकियाची बारीक पिन द्या’ म्हटले की दुकानदाराला पुढे काही सांगावे लागत नाही. माप ०.४ मिलिमीटरने चुकले तर काय होते, याचे चांगले उदाहरण २.१ आणि २.५चे. २.१ची पिन २.५च्या सॉकेटात शिरतच नाही, कारण सॉकेटातली मधली दांडी तिच्या भोकापेक्षा जाड असते. उलट २.५ची पिन २.१च्या दांडीवर आरामात सरकते, पण ढिली राहते. मग वस्तू हातात धरली की चार्ज होते, टेबलावर ठेवली की थांबते. दोष बॅटरीवर ढकलला जातो.

मापापेक्षाही मोठा सापळा हा की गोल पिनेच्या आकाराचा आणि व्होल्टचा काडीमात्र संबंध नसतो. एकाच मापाची पिन एका घरात ५ व्होल्टच्या दिव्याला, ९ व्होल्टच्या खेळण्याला आणि १२ व्होल्टच्या राउटरला असू शकते, आणि तिघांचे अडॅप्टर एकाच खणात पडलेले असतात. त्यात अलीकडे एका वायरीची भर पडली आहे. लाइट गेल्यावर वायफाय चालू राहावे म्हणून पॉवर बँकेवर राउटर चालवायची वायर अनेक घरांत आली. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला गोल पिन. दिसायला ती साध्या यूएसबी ते डीसी वायरीसारखीच, पण तिच्या मधल्या किंवा टोकाच्या जाड भागात ५ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारे सर्किट बसवलेले असते. ही वायर चुकून टेबलावरच्या दिव्याला लागली तर दिवा क्षणभर झगमगून कायमचा विझण्याची शक्यता मोठी. वायरीला कागदी पट्टी चिकटवून पेनने ‘राउटर, १२ व्होल्ट’ लिहून ठेवायला मिनिटभर लागतो.

गोल पिनेत प्लस आत आणि मायनस बाहेर, की उलट, हाही प्रश्न असतो. अडॅप्टरवर त्याची खूण छापलेली असते: मधोमध एक ठिपका, त्याभोवती इंग्रजी सी अक्षरासारखा अर्धवट गोल, आणि दोन्हींपासून निघणाऱ्या रेघांच्या टोकांना अधिक आणि उणे. ठिपक्याची रेघ अधिककडे जात असेल तर आतला भाग प्लस. बहुतेक घरगुती वस्तूंत असेच असते. गिटारच्या आवाजाचे पेडल हा ठळक अपवाद, त्यांत मध्यभाग मायनस असतो. ३, ४.५, ६, ७.५, ९ आणि १२ व्होल्ट अशी निवड देणारे, सात-आठ पिनांचा झुबका घेऊन येणारे ‘युनिव्हर्सल’ अडॅप्टर मिळतात. त्यांत पिन उलटी खोचली की प्लस-मायनस बदलतात. सोय मोठी, आणि चुकायची सोयही तेवढीच. त्यांचा खटका साफसफाईत सरकला तर पुढच्या वेळी ४.५ऐवजी ९ व्होल्ट जातील. असा अडॅप्टर एका वस्तूसाठी ठरवून घ्यावा आणि खटक्यावर सेलोटेप लावून टाकावी.

इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या आडव्या तोंडाची वायर ही वेगळीच जात. जुन्या टेपरेकॉर्डरची वायर म्हणून ती घराघरात ओळखीची आहे. आंतरराष्ट्रीय मानकात तिला सी ७ म्हणतात आणि ती २५० व्होल्ट, २.५ अँपिअरपर्यंतची असते. तिच्यातून अडॅप्टरमधली उतरवलेली वीज येत नाही, थेट भिंतीतली २३० व्होल्टची येते. काही दाढीची यंत्रे आणि टॉर्च ही वायर घेतात, कारण वीज उतरवण्याची सोय त्यांच्या आतच असते. अशा वस्तूला नवी वायर शोधणे सर्वांत सोपे: इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात ती मिळते. पण दाढीच्या काही यंत्रांच्या सॉकेटाचे तोंड जवळजवळ असेच दिसते आणि त्यांना हवे असतात १२ किंवा १५ व्होल्ट. फिलिप्सचा एचक्यू ८५०५ हा अडॅप्टर १५ व्होल्ट देतो, ब्राउनच्या अनेक यंत्रांचा १२ व्होल्ट. दोघांच्या पिना दोन दांड्यांच्याच. कंपन्यांनी अशा पिनांना कडा किंवा खाच ठेवलेली असते, ती टेपरेकॉर्डरची वायर आत जाऊ नये म्हणूनच. वायर जोर लावल्याशिवाय जात नसेल तर ती घालू नये. इथली चूक वस्तूपुरती राहत नाही, हातातल्या यंत्रावर २३० व्होल्ट येतात.

डास मारायची रॅकेट आणि स्वस्त टॉर्च यांत बऱ्याचदा वायरच नसते. मुठीतून दोन पिना बाहेर सरकतात आणि वस्तू सरळ भिंतीत खोचतात. आत ४ व्होल्टची शिसे-आम्लाची छोटी बॅटरी आणि वीज उतरवायला एक कपॅसिटर एवढेच असते. ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे आतला प्रत्येक भाग भिंतीतल्या विजेशी जोडलेलाच राहतो. म्हणून अशी वस्तू प्लगमध्ये असताना उघडणे किंवा तुटक्या पिनांना उघड्या तारा गुंडाळून चार्ज करणे हा जिवाशी खेळ आहे.

यूएसबीने या सगळ्या गोंधळात पहिल्यांदा आकार आणि व्होल्ट यांची गाठ मारली. १९९६ साली पहिले यूएसबी मानक आले ते संगणकाला कळफलक, प्रिंटर वगैरे जोडण्यासाठी. त्यातून ५ व्होल्ट मिळत होते, म्हणून पुढे तेच चार्जिंगचे भोक बनले. पिनेचे छोटे टोक तीनदा बदलले. मिनी यूएसबी, मग २००७ पासून मायक्रो, आणि २०१४ मध्ये मानक ठरलेला टाइप सी. दुकानात यांची नावे निराळी चालतात: मिनीला व्ही३, मायक्रोला व्ही८. मोटोरोलाच्या त्या त्या नावाच्या फोनांना या पिना होत्या, ते फोन कधीच गेले, नावे गल्ल्यावर राहिली. ग्राहकाने ‘मायक्रो यूएसबी’ म्हटल्यावर ‘म्हणजे व्ही८ ना?’ असा प्रतिप्रश्न आला तर गोंधळू नये.

सॉकेट यूएसबीचे आहे एवढे दिसले की ५ व्होल्टची चिंता मिटते. ६५ वॉटचा लॅपटॉपचा चार्जर छोट्या ट्रिमरला लावला तरी सुरुवात ५ व्होल्टवरच होते. त्याहून जास्त व्होल्ट तो समोरच्या वस्तूने ठरलेल्या भाषेत मागितल्याशिवाय देत नाही, आणि ट्रिमरला ती भाषा येत नाही. वायर डेटावाली की नुसती चार्जिंगची, यानेही अशा वस्तूंना फरक पडत नाही. वायरीची जाडीही इथे फारशी आड येत नाही. स्वस्त वायरीतली बारीक तार एका मीटरला जाऊन-येऊन सुमारे ०.४ ओहम रोध धरते. फोन २ अँपिअर ओढतो तेव्हा त्यात पाऊण व्होल्टच्या वर वाया जातो, पण ०.३ अँपिअर ओढणाऱ्या ट्रिमरचे नुकसान ०.१ व्होल्टच्या आसपासच. महागडी ‘फास्ट चार्जिंग’ वायर ट्रिमरसाठी घेणे म्हणजे पैसे टाकणे.

मायक्रो यूएसबीची जुनी वायर ढिली पडली की सॉकेट गेले असे वाटते. पण या पिनेची रचना करताना पकड धरणारे बारीक स्प्रिंगचे दात मुद्दाम वायरीच्या टोकाला दिलेले आहेत, सॉकेटात नाही. झीज वायरीला व्हावी, वस्तूला होऊ नये, हा त्यामागचा विचार. त्यामुळे ढिली पिन पुष्कळदा नुसत्या नव्या वायरीने घट्ट बसते. उलट अडचण नवी वायर आत न पोहोचण्याची. पाणी शिरू नये म्हणून ट्रिमर आणि टॉर्चचे सॉकेट कवचाच्या आत खोल बसवलेले असते. सोबत आलेल्या वायरीचे प्लास्टिक सडपातळ आणि धातूचे टोक लांब असते. बाजारातल्या वायरीचे प्लास्टिक जाड, ते काठावरच अडते आणि पिन अर्धी आत जाते. दिवा लागतो, पण जरा धक्का लागला की विझतो. अशा वेळी वस्तू सोबत नेऊन बारीक मुठीची किंवा लांब टोकाची वायर तिथेच लावून पाहावी. तीही न मिळाल्यास प्लास्टिकच्या कडा पात्याने थोड्या तासता येतात. धातूच्या नळीला धक्का लागला नाही आणि आतली तार उघडी पडली नाही म्हणजे झाले.

टाइप सी आल्यावर सगळे सोपे होईल अशी अपेक्षा होती. छोट्या स्वस्त वस्तूंनी तिला सुरुंग लावला. नवा टॉर्च सोबतच्या वीतभर वायरीने उत्तम चार्ज होतो. ती वायर हरवते. घरात फोनची, दोन्ही टोकांना टाइप सी असलेली चांगली वायर असते. ती लावली तर टॉर्च ढिम्म. पिन नीट बसलेली, चार्जर चालू, वायर फोनला चालते, तरी दिवा लागत नाही. वस्तू बिघडली म्हणून ती टाकूनही दिली जाते.

कारण असे. जुन्या रुंद चौकोनी तोंडाच्या चार्जरमध्ये, म्हणजे यूएसबी ए मध्ये, ५ व्होल्ट कायम हजर असतात. काही जोडलेले असो वा नसो. टाइप सीच्या चार्जरचे तसे नाही. त्याच्या तोंडाशी आधी वीज नसतेच. समोर खरोखर एखादी वीज घेणारी वस्तू आहे, याची खूण पटल्यावरच तो वीज सोडतो. ती खूण म्हणजे वस्तूच्या सॉकेटात सीसी नावाच्या दोन टोकांवर बसवलेले ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर. किंमत काही पैसे. अनेक स्वस्त वस्तूंच्या कारखानदारांनी जुन्या मायक्रो सॉकेटच्या जागी टाइप सीचे सॉकेट चढवले आणि हे दोन रेझिस्टर गाळले. त्यामुळे यूएसबी ए ते टाइप सी या वायरीवर वस्तू चालते, सी ते सी वायरीवर नाही. पिन उलटी-सुलटी करून काही होत नाही. ही चूक फक्त गल्लीतल्या मालात होते असेही नाही. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या नामांकित छोट्या संगणकात दोन रेझिस्टरऐवजी एकच रेझिस्टर दोन्ही टोकांना मिळून वापरला होता; साध्या वायरीवर तो चालायचा, पण आत ओळखचिप असलेल्या वायरीवर चालायचा नाही. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त झाले.

अशी वस्तू घरात असेल तर उपाय एवढाच, की एका टोकाला यूएसबी ए असलेली वायर घ्यावी आणि ती जुन्या ५ व्होल्टच्या चार्जरवर लावावी. घरात फक्त टाइप सीचेच चार्जर उरले असतील तर ओटीजी म्हणून मिळणारा, एका बाजूला टाइप सीची पिन आणि दुसऱ्या बाजूला यूएसबी एचे भोक असलेला छोटा जोड चार्जरमध्ये खोचावा. ज्या रेझिस्टरची चार्जर वाट पाहत असतो तो या जोडात असतो, त्यामुळे वीज सुरू होते. नवी वस्तू घेताना दुकानातच सी ते सी वायर लावून दिवा लागतो का पाहिले तर हा सगळा खटाटोप टळतो.

चुंबकाने चिकटणाऱ्या वायरी घड्याळांना आणि चेहऱ्याच्या मसाजच्या छोट्या यंत्रांना असतात. त्यांत दोन किंवा चार टोके असतात आणि दोन टोकांमधले अंतर मोजावे लागते. २.८४ मिलिमीटर आणि ४ मिलिमीटर ही दोन टोकांची अंतरे जास्त आढळतात. प्लस-मायनसची बाजू चुंबकाच्या ध्रुवांनी ठरते, आणि ती प्रत्येक कारखान्याची वेगळी असू शकते. इथे नुसत्या मापावर विसंबू नये. त्याच मॉडेलची वायर मागवावी. विजेवरच्या टूथब्रशचे त्याहून निराळे: त्याला सॉकेटच नसते. ओरल बी, फिलिप्स सोनिकेअर यांचे ब्रश बैठकीवर उभे केले की बैठकीतल्या तारेच्या वेटोळ्यातून ब्रशमधल्या वेटोळ्यात चुंबकीय क्षेत्रामार्फत वीज जाते. ओल्या बाथरूमसाठी ही रचना योग्यच, पण बैठक हरवली की त्याच कंपनीच्या त्याच कुळातली बैठक घ्यावी लागते. फोनचा वायरलेस चार्जर इथे चालत नाही.

कंपनीच्या सेवाकेंद्रात मूळ चार्जर मिळत असेल तर तो पहिला पर्याय. नाही तर मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली अशा बाजारांत जुन्या पिना अजून मिळतात. जाताना वस्तू, तुटकी वायर आणि अडॅप्टर तिन्ही न्यावेत. नुसता मोबाइलमधला फोटो दाखवून पिनेचे माप कळत नाही. अडॅप्टर घेताना त्याच्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ या इंग्रजी अक्षरापुढे आठ आकड्यांचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अॅपमध्ये टाकला की कोणत्या कारखान्याच्या नावे नोंद आहे ते दिसते. खूण छापणे सोपे आहे, म्हणून क्रमांक तपासण्यात अर्थ आहे.

पिनच मिळत नसेल आणि वस्तू ५ व्होल्टची असेल तर जुन्या वायरीची पिन कापून ती यूएसबी वायरीला जोडता येते. यूएसबीच्या वायरीत लाल तार प्लस, काळी मायनस. हिरवी आणि पांढरी डेटाची, त्या सुट्या ठेवून टेप लावायच्या. जुन्या वायरीच्या रंगांवर मात्र भरवसा ठेवू नये. दोन्ही तारा काळ्या असून एकीवर पांढरी रेघ असते. ती पुष्कळदा प्लसची, पण नेहमी नाही. तारा तात्पुरत्या जोडून मल्टिमीटर डीसीच्या २० व्होल्टवर ठेवावा, लाल टोक पिनेच्या आत, काळे बाहेरच्या नळीला. आकडा साधा आला तर आतला भाग प्लस, आधी उणे चिन्ह आले तर उलट. जोड डाग देऊन करावा आणि प्रत्येक तारेवर वेगळी प्लास्टिकची नळी चढवावी. नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला जोड काही आठवड्यांत ढिला होतो आणि तापतो.

एकच चार्जर सगळ्यांना, या दिशेने कायदे निघाले आहेत, पण ट्रिमर-टॉर्चपर्यंत ते पोहोचलेले नाहीत. युरोपीय संघाने २०२२ मध्ये केलेला नियम २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. त्यात फोन, टॅब्लेट, कॅमेरे, हेडफोन, छोटे स्पीकर, कळफलक, माउस यांना वायरीने चार्जिंगसाठी टाइप सी सक्तीचा आहे. लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ ही तारीख दिली. दाढीची यंत्रे आणि टूथब्रश त्या यादीत नाहीत. भारतात मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये टाइप सीचे मानक प्रसिद्ध केले, तेही फोन, लॅपटॉप यांसारखी उपकरणे डोळ्यांपुढे ठेवून. तरी मोठ्या बाजाराच्या मागे छोटा बाजार जातो, आणि नवे ट्रिमर बहुतांशी टाइप सीचे सॉकेट घेऊनच येऊ लागले आहेत. गोल पिनांच्या जुन्या वस्तूंचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, उलट त्यांचे अडॅप्टर दरवर्षी दुर्मीळ होत जातील.

वायर, अडॅप्टर, सॉकेट सगळे ठीक असून वस्तू पाच मिनिटांत मान टाकत असेल तर बॅटरी संपली. ट्रिमरमधली सेल बदलता येते, पण ती बहुधा टाके देऊन बसवलेली असते आणि त्याच जातीची, त्याच मापाची घालावी लागते. निकेलच्या जागी लिथियम घातली तर चार्जिंगचे सर्किट जुळत नाही. टाकून द्यायची वेळ आलीच तर बॅटरी आणि अडॅप्टर ओल्या-सुक्या कचऱ्यात घालू नयेत. भारतात २०२२ च्या नियमांनुसार ई-कचरा आणि वापरलेल्या बॅटऱ्या पुढे नेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि शहरांत त्यासाठी संकलन केंद्रे असतात. लिथियमची फुगलेली सेल तिथे नेईपर्यंत घरात चार्जिंगला लावू नये, टोचू नये, आणि तिच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ठेवावी.